शाफ्टवरची पांढरी रेघ

संपादकांचा निरोप आला, "मिस्त्री, जुन्या मोटारींच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." आता यांना काय सांगू? उभा जन्म मी मोटारींच्या पाठीमागच्या भागाखाली उताणा पडून काढला. तोंडावर तेल ठिबकायचं आणि वर उभं राहून गिऱ्हाईक मला शिकवायचं. त्यात गंमत कुठे होती, ती मी अजून शोधतो आहे. तरीही लिहितो, कारण एक गोष्ट मनात सलते आणि ती ऐकून घेणारं घरात आता कोणी उरलेलं नाही. मी तोंड उघडलं की सून म्हणते, "बाबा, रेघेची ना? माहीत आहे."

लालबागला एका गिरणीच्या भिंतीला टेकून आमची पत्र्याची शेड होती. मी, आणि लेथवर माझा भागीदार बाबी, मालवणकडचा. आमच्याकडे यायची ती फक्त गाडीची मागची बाजू. चाकं फिरवणारे शाफ्ट, आणि ते शाफ्ट ज्यातून निघतात तो दातेरी चाकांचा डबा, म्हणजे डिफरन्शियल. बोनेट उघडायला लोक दुसरीकडे जायचे. इंजिनाचं कौतुक सगळ्यांना. मालक पाहुण्यांना इंजिन उघडून दाखवतो. मागे वाकून शाफ्ट दाखवणारा मालक मला आयुष्यात भेटला नाही. ज्याच्या जिवावर गाडी चालते त्याची आठवण तो मोडला की मगच होते, आणि तेव्हाही मालक रागावतो तो माझ्यावर.

गिऱ्हाइकांचे एकेक नमुने सांगायचे तर अंक पुरणार नाही. एकाने गाडी विकण्याआधी डिफरन्शियलमध्ये केळ्याच्या साली भरल्या होत्या. दाते झिजले की मागून कण्हल्यासारखा आवाज येतो. साली भरल्या की तो काही दिवस दबतो. ज्या बिचाऱ्याने गाडी घेतली, तो आवाज परत सुरू झाल्यावर आमच्याकडे आला. मी झाकण काढलं तर शिकरण नासल्यासारखा वास. त्याने नाकाला रुमाल लावला आणि मलाच विचारलं, "मिस्त्री, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

आता थोडं समजावून सांगतो, कंटाळू नका. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळतात ना, तसं मागच्या शाफ्टचं असतं. एका टोकाने इंजिन पिळतं, दुसऱ्या टोकाला चाक जमिनीला घट्ट धरून बसलेलं असतं. शिकलेले लोक याला टॉर्क म्हणतात, आम्ही नुसतं पीळ म्हणायचो. हा पीळ इंजिनातून निघतो तसाच मागे येत नाही. पहिल्या गिअरमध्ये तो तीनचारपट होतो, आणि मागे डिफरन्शियलमध्ये पुन्हा चौपट. एवढं सगळं सोसणारा शाफ्ट माझ्या मनगटाहून बारीक. त्यातून जुन्या गाड्यांत चाक त्याच शाफ्टच्या टोकावर बसवलेलं आणि गाडीचं वजनही त्याच्यावरच. तो तुटला की गाडी नुसती बंद पडत नाही. चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर निघतं आणि आपलं आपण फिरायला जातं. म्हणून कारखानदार शाफ्ट करतो तो त्या गाडीच्या इंजिनाच्या मापाचा. एवढीच गोष्ट मी दादासाहेबांना किती वेळा सांगितली असेल, देव जाणे.

दादासाहेब गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. पूर्वी घरात मोठे हुद्दे होते, नारळी-पोफळीच्या बागा होत्या. माझ्या वेळेपर्यंत त्यातली एक गोष्ट दिमाखात उरली होती, ती म्हणजे वडिलांनी घेतलेली उघड्या टपाची अमेरिकन मोटार. दादासाहेब सॉलिसिटरच्या कचेरीत होते. माणूस मनाने वाईट नव्हता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा त्यांनी ती मोटार सभांना खुशाल देऊन टाकली. पुढे दोन भोंगे बांधलेले, मागच्या सीटवर शाहीर आणि त्याचे साथीदार, दोन्ही बाजूंच्या पायफळ्यांवर लोंबकळणारी पोरं, अशी ती गाडी परळ-लालबागमध्ये सगळ्यांच्या ओळखीची झाली होती.

ती चालवायचा लक्ष्मण. राहायला करी रोडच्या चाळीत, बाप गिरणीत. काळासावळा, कमी बोलणारा माणूस. मिरवणुकीत गाडी चालवणं म्हणजे काय ते मोटारवाल्यालाच कळेल. माणसाच्या चालीने, तासन् तास, पुढे गर्दी, मागे गर्दी, वर दहाबारा जणांचं ओझं. तिथे क्लच जरा दणकन सुटला की मागे शाफ्टला हिसका बसतो. लक्ष्मणचा पाय इतका हलका की शाहिराच्या हातातला चहा सांडत नसे. फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी दोन जखमी पोरांना याच गाडीत घालून त्याने परळच्या इस्पितळात आणलं होतं. मागच्या सीटवरचे डाग त्याने स्वतः धुतले. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मला शाहिराकडून कळलं.

सगळं सुरळीत चाललेलं दादासाहेबांना बघवेना. कोणा मित्राने सांगितलं, पेट्रोल परवडत नाही, लॉरीचं डिझेल इंजिन बसवा. बसवलं. मला विचारलंसुद्धा नाही. बसवून झाल्यावर दाखवायला आणली. बोनेट उघडून म्हणाले, "मिस्त्री, आता गाडी हत्तीसारखी ओढेल!"

मी म्हटलं, "दादासाहेब, हत्ती पुढे बांधलात, पण मागे शाफ्ट तोच आहे. त्या इंजिनाचं फ्लायव्हील, ते जड फिरतं चाक बघा, जात्याएवढं आहे. एक हिसका बसला तर मागे काही राहणार नाही."

"तुम्ही मागचे लोक नेहमी मागचंच बघता," असं म्हणून ते हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

मग करी रोडच्या पुलावर व्हायचं ते झालं. सभेहून परत येताना चढावर शाफ्ट तुटला. उजवं चाक सुटलं आणि गाडीला सोडून एकटंच उलटं पूल उतरून गेलं. एका भाजीवाल्याच्या पाटीला जाऊन टेकलं. माणसं वाचली ती लक्ष्मणने गाडी कठड्याला घासत थांबवली म्हणून. मी नवा शाफ्ट घातला. भंगार बाजारातून लॉरीचा शाफ्ट आणायचा आणि बाबीने तो लेथवर कातून या गाडीच्या मापाला उतरवायचा, अशी आमची पद्धत होती. महिनाभरात तोही तुटला.

दादासाहेबांनी निकाल देऊन टाकला. "लक्ष्मणचा पाय जड झालाय."

"दादासाहेब, इंजिन जड झालंय."

"इंजिन नवं आहे, मिस्त्री. नव्या वस्तूत दोष कसा असेल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी काही असल्या गोष्टी मानणारा नव्हे. पण घरात बोलतात. त्याने नारळ सोडला आणि गाडीने चाक सोडलं."

त्याचा खुलासा असा. पूर्वी दसऱ्याला आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर गाडीची पूजा लक्ष्मण करायचा. पुढे तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्याने दादासाहेबांना नम्रपणे सांगितलं, "गाडी पुसीन, धुईन, जिवापाड जपीन. पण पूजा आता माझ्या हातून नाय होणार." दादासाहेब तेव्हा मोठ्या मनाने म्हणाले होते, "अरे, हरकत नाही, मी करीन." इतकी वर्षं कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. चाक सुटलं आणि सगळ्यांना एकदम आठवलं. मला याची इतकी चीड आली की मी घरी जेवलो नाही. बायको म्हणाली, "तुमका त्या गाडयेचा इतक्या काय पडलाहा?" तिला काय सांगणार, गाडीचं नव्हतंच ते.

त्यातच राज्य मिळणार हे नक्की झालं. लालबागहून शिवाजी पार्कला मोठी मिरवणूक निघणार होती आणि पुढे भोंग्याची गाडी दादासाहेबांचीच असणार होती. दादासाहेबांनी लक्ष्मणला सांगितलं, त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर येईल, आणि पुढेही तोच राहील.

लक्ष्मण माझ्या शेडमध्ये आला. म्हणाला, "मिस्त्री, नोकरी गेली तर दुसरी भेटंल. लायसन हाय माझ्याकडं. पण त्या दिवशी गाडी मीच नेनार व्हतो. लाठ्या पडत व्हत्या तवा मी नेली. आता फुलं पडणार, तर दुसरा नेनार? आनि लोक काय म्हनतील? याच्यामुळं चाक सुटत व्हतं म्हून काढला." मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

त्या वेळी तिसरा शाफ्ट बसवायचा होता. बाबी आणि मी एक जुनी पद्धत वापरायचो, ती केली. शाफ्ट बसवण्याआधी त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एनॅमलच्या रंगाने सरळ पांढरी रेघ ओढायची आणि वाळू द्यायची. खिळ्याने ओढायची नाही, कारण तेवढ्या ओरखड्यापासूनही चीर सुरू होते. पुढे कधी शाफ्ट बाहेर काढला तर रेघच सांगते. सरळ असेल तर शाफ्टला सोसेल एवढाच पीळ बसला. रेघ गोल जिन्यासारखी वळलेली असेल तर शाफ्ट आतून गेला, आज ना उद्या तुटणारच.

गाडी तयार झाली. दादासाहेब ती न्यायला आले, बरोबर त्यांच्या आई. ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी, कडक. गाडीतून त्यांना दादरला मुलीकडे जायचं होतं, म्हणून त्या मागच्या सीटवर बसल्या. लक्ष्मण शेडच्या दाराशी, हात मागे बांधून, दूर उभा होता. दादासाहेबांनी हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि एक भला मोठा, सोललेला नारळ उजव्या मागच्या चाकापुढे, चाकाला अगदी चिकटवून ठेवला. मी ओरडलो, "अहो, हे काय करता?"

"पूजा," दादासाहेब म्हणाले, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी विचारलंच नव्हतं की हे पूजा करतात म्हणजे नक्की काय करतात. जुनं इंजिन, हे मला पुढे कळलं, नारळापुढे गपकन बंद पडायचं, लोक हसायचे आणि मग गाडी ढकलून नारळ फोडायचे. हे लॉरीचं इंजिन कुठलं बंद पडतंय? दादासाहेबांनी पहिला गिअर टाकला, चारचौघांत फजिती नको म्हणून इंजिन चांगलं गुरगुरवलं आणि क्लचवरचा पाय एकदम काढला. चाक अडलेलं, जात्याएवढं फ्लायव्हील गरगरत आलेलं. मागून 'कट्' असा आवाज आला. मग नारळ फुटला, पाणी उडालं, गाडीने उडी मारली. दादासाहेबांनी टाळी वाजवली.

"उतरा," मी म्हणालो. असं मी गिऱ्हाइकाशी कधी बोललो नव्हतो. "शाफ्ट बाहेर काढतो."

"अहो, आत्ताच तर बसवलात!"

आईंना स्टूल दिलं. बाबीने जॅक लावला. आम्ही चाक उतरवलं, शाफ्ट ओढून बाहेर काढला आणि पुसून फळीवर ठेवला. रेघ एका टोकाकडून सरळ निघाली होती आणि दुसऱ्या टोकाकडे येता येता निम्मा वेढा घेऊन बाजूला गेली होती. गाडी अजून फाटकाबाहेरही पडली नव्हती. लक्ष्मणने तिला हातही लावला नव्हता.

मी सगळं समजावलं, घरात बोलतात त्या नारळाच्या गोष्टीसकट. दादासाहेबांनी चष्मा पुसला, रेघ बघितली आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही ओढतानाच तिरकी ओढली असेल."

बाबी लेथमागून पुटपुटला, "ह्येंका आता काय सांगूचा!" मी कपाळाला हात लावला, हाताच्या ग्रीससकट.

तोवर आई स्टुलावरून उठून आल्या होत्या. त्यांनी रेघ बघितली, मग जमिनीवरच्या नारळाच्या भकलांकडे बघितलं. "दादा, चाकाखाली नारळ ठेवायला तुला कोणी सांगितलं?"

"आपली पद्धतच आहे ना, आई."

"कसली पद्धत? तुझे वडील लिंबू ठेवायचे. लिंबू! लक्ष्मणसुद्धा लिंबूच ठेवायचा. नारळ गाडीला दाखवून घरी न्यायचा, त्याच्या वड्या व्हायच्या. तू कधीपासून हा उद्योग सुरू केलास?"

दादासाहेब कसनुसे झाले. "लिंबू जरा... किरकोळ वाटतं, आई. आपल्या घराण्याची गाडी."

"आणि घरात कोण बोलतं रे, लक्ष्मणने नारळ सोडला म्हणून? मी तर बोलले नाही. घरात मी आणि तू दोघंच आहोत." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "लक्ष्मण, मिरवणुकीला गाडी तू ने. पूजा बिजा नको आता. पुरे झाली."

लक्ष्मणने मागे बांधलेले हात सोडले आणि तो जॅकपाशी आला. आईंना दादरला टॅक्सीने जावं लागलं आणि त्याबद्दलही त्या जाताना मलाच बोलल्या.

चौथा शाफ्ट बसवला. त्यावरही रेघ ओढली. या वेळी मी आणि बाबीने सुताची दोरी ताणून, दोघांनी दोन टोकांनी बघून ओढली, कारण तिरकी ओढली असं पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती.

राज्य मिळालं त्या दिवसाबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे, मी काय वेगळं लिहू? मी मात्र भोंगे ऐकत नव्हतो, शाहीर ऐकत नव्हतो. गाडीच्या मागच्या उजव्या चाकाबरोबर मी लालबागपासून चालत होतो, नजर खाली. माणसं माझ्यावर गुलाल टाकत होती आणि मी त्यांना म्हणत होतो, "पायफळीवरून उतरा रे, मागे वजन टाकू नका!" कोण ऐकतो? मुंग्या लागाव्या तशी माणसं गाडीला लागली होती. परळच्या पुढे चढावर गर्दी थांबली. लक्ष्मणने गाडी ब्रेकवर धरली. पुन्हा निघताना मी चाकाकडे कान लावला. काहीच आवाज झाला नाही. गाडी नुसती सरकली. मी मान वर केली तर लक्ष्मणच्या डोक्यावर, खांद्यावर फुलं पडली होती आणि ती झटकायलासुद्धा त्याचे हात मोकळे नव्हते. मी रडलो. गुलाल डोळ्यांत गेला असं बाबीला सांगितलं.

त्यानंतर लक्ष्मणनेच गाडी चालवली, ती मोडीत निघेपर्यंत. आई वारल्या आणि दादासाहेबांचं मोटारीवरचं मनच उडालं. सुटे भाग काढून घ्यायला गाडी माझ्याकडे आली. दादासाहेब आणि लक्ष्मण, दोघेही आले होते. मी उजवा शाफ्ट ओढून काढला. कापडाने हळूहळू पुसला. जीर्ण झालेली, पिवळी पडलेली, पण रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. एवढ्या मिरवणुका, एवढे चढ, ते राक्षसी इंजिन, आणि केसभर वळली नव्हती.

मी शाफ्ट दादासाहेबांपुढे धरला. म्हटलं, आता तरी.

त्यांनी बारकाईने बघितलं. चेहरा खुलला. "वा! म्हणजे शेवटी शेवटी लक्ष्मणच्या पायाला वळण लागलं म्हणायचं," असं म्हणून त्यांनी लक्ष्मणच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली आणि भंगारवाल्याशी बोलायला बाहेर गेले.

माझ्या हातातला पाना मी फेकणार होतो, खरंच फेकणार होतो. लक्ष्मणने माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. रेघ तुम्ही बघितली, मी बघितली." मग त्याने विचारलं, "हा शाफ्ट मोडीत देनार?"

"तुला कशाला हवा?"

त्याने शाफ्ट उचलला. गोणपाटात गुंडाळून, लहान मूल घ्यावं तसा खांद्याला लावून तो घेऊन गेला. चांगलंच ओझं होतं, आणि करी रोडपर्यंत चालत जायचं.

पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला मी त्याच्या खोलीवर गेलो. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही एवढी ती खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली कोपऱ्यात तो शाफ्ट उभा. त्याला पाहुण्यांची मुलं सारखी अडखळत होती, त्याची बायको कुरकुरत होती. लग्नासाठी खोलीला नवा रंग दिला होता. शाफ्टही पुसूनबिसून तेल लावून ठेवलेला. रेघेला मात्र कोणी नवा रंग लावला नव्हता, ती होती तशीच होती. नवरदेवाकडच्या एका शिकलेल्या माणसाने विचारलं, "हे काय लोखंड ठेवलंय?"

लक्ष्मण ताटं मांडत होता. वर न बघता म्हणाला, "माझं सर्टिफिकेट हाय."